लाल जोड

"कोट्यातून आलेल्यांच्या हाती कॉम्प्युटर दिला, की अशी रंगपंचमी होते," सर म्हणाले. क्लायंटसमोर. माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून. क्रेन बनवणाऱ्या कंपनीचे दोघे कोथरूडच्या आमच्या ऑफिसात आले होते. ते हसले. आमचेही हसले. माझे कान तापले.

स्क्रीनवर माझं काम होतं. क्रेनच्या गर्डरचं वेल्डिंग, कॉम्प्युटरवर करून पाहिलेलं. लोखंड कुठे किती तापेल, निवल्यावर कुठे ताण उरेल, ते रंगांत दिसतं. निळा-हिरवा म्हणजे बिनघोर. लाल म्हणजे धोका. कोपऱ्यातला जोड लालभडक होता.

सर परदेशात शिकलेत. दर चहाला सांगतात. सकाळी तेच सिम्युलेशन त्यांनी स्वतः चालवलं आणि घाईत अर्ध्यावर थांबवलं. गर्डर अजून गरम, म्हणून त्यांच्या चित्रात लाल कुठेच नाही. अहो, ताण धरतो तो निवताना! तापलेला भाग आकसायला बघतो, शेजारचं थंड लोखंड त्याला आकसू देत नाही, ओढ आतच राहते. पण विद्वानांना सांगणार कोण?

क्लायंट चहाला गेले तेव्हा मीच सांगितलं. "सर, तुमचं सिम्युलेशन गर्डर गार होण्याआधीच थांबलंय."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "आपण फारच शिकलात. रंगांच्या पट्टीची वरची मर्यादा वाढवा. लालचं हिरवं होईल. रिपोर्टवर नाव तुमचंच टाका."

वा रे वा! अक्कल यांची आणि गर्डर तुटला की नाव माझं. मग 'शेवटी कोट्यातलीच' म्हणायला हे मोकळे. माझं आडनाव ऐकून लांबवलेलं 'अच्छा', डबा उघडला की जरा सरकणाऱ्या खुर्च्या, सगळं गिळलं होतं मी. पण माझा बाप अशाच क्रेनखाली राबून म्हातारा झाला. खाली माणसं असतात हो!

क्लायंट परतले. मी पट्टीला हात लावला नाही. उभी राहिले. "हा लाल खरा आहे. जोडाला तडा जाईल. हिरवं दाखवायला सांगितलंय, मी दाखवणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोबाइलमध्ये डोकी खुपसली. थोर माणसं!

"उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

नाहीच गेले. खरा रिपोर्ट पूर्ण नाव, आडनाव घालून त्या कंपनीच्या मालकाला पाठवला. सरांचा फोन आला, कोर्टात खेचीन म्हणून. खेचा. तिथे तुमच्या तोंडावर हेच सांगेन. तुमच्या चुकीखाली माझं नाव आता कधीच लागणार नाही.