रुमालाखालचा हात

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी बैलबाजारात वाढलेला माणूस. कुणी भूत आणून उभं केलं असतं, तर मी आधी त्याचे दात बघितले असते. आता जालन्यात मस्तगडला माझं शेती अवजारांचं दुकान आहे, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. तापट आहे, हेही खरं.

थोरला भाऊ आण्णा आणि मी परतूरकडच्या बाजारांत बैलांचा व्यापार करायचो. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली घ्यायचे आणि बोटं दाबून बोलायचं. आमची दोघांची त्यात एक वेगळी खूण होती — करंगळीचं नख दोनदा दाबायचं, मग तळहातावर आडवी रेघ ओढायची. अर्थ असा, की आतापर्यंतचं लोकांना दाखवायला, आता पुढचं खरं. ही खूण आम्ही घरातही कुणाला सांगितली नव्हती.

मग एकदा मी तापाने पडलेलो असताना आण्णाने माझ्या हातची जोडी विकली. वासरं असल्यापासून मी वाढवलेली. मला न विचारता! भर बाजारात मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "बापू, ऐक तर, सांगतो." मी ऐकलं नाही. नऊ वर्षं बोललो नाही. माझा राग चुकीचा होता, असं मला आजही वाटत नाही.

शेवटी त्याला लकवा मारला, वाचा गेली. मी भेटायला गेलो. त्याने चांगला हात पुढे केला आणि वर टॉवेल ओढून घ्यायला लागला.

वहिनी म्हणाली, "द्या की हात, भाऊजी. सकाळपासून वाट बघून राह्यलेत."

मी दिला. त्याचं बोट माझ्या करंगळीला लागलं... आणि मी हात काढून घेतला. "आता कशाचा सौदा?" असं सगळ्यांदेखत म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो गेला. माझी मुलगी स्नेहल तेव्हा जन्मलीही नव्हती.

ती आता कृषी महाविद्यालयात शिकते. यंदा त्यांची सहल व्हिएतनामला गेली होती. दुपारी चारच्या सुमारास मी दुकानात असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे तिथल्या कॉलेजचं मैदान, आपली पोरं आणि तिथली पोरं एकत्र, नुसता गोंधळ.

"पप्पा, गंमत सांगू? इथली एक मुलगी आहे, फार कमी बोलते. बाकावर बसलो होतो, तर तिने एकदम माझा हात धरला, वर स्कार्फ टाकला आणि माझी बोटंच दाबायला लागली."

"कशी दाबली? दाखव."

तिने फोन बाटलीला टेकवला आणि स्वतःच्याच हातावर करून दाखवलं. करंगळीचं नख. एकदा... दोनदा. मग तळहातावर आडवी रेघ.

माझ्या हातातला पाना खाली पडला.

"पुढं?"

"पुढं काय?"

"कोणतं बोट धरलं पुढं? बोल जल्दी!"

"ओरडू नका ना पप्पा, सगळे ऐकून राह्यलेत... मला कसंतरीच झालं. मी हात काढून घेतला."

मी तिला तशीच त्या मुलीकडे पाठवलं. मुलगी हसली, पुन्हा हात धरला, नुसता धरून बसली. तिच्या मैत्रिणीने इंग्रजीत सांगितलं, हिला स्नेहलचा हात गार लागला म्हणून स्कार्फ टाकला. बोटं दाबल्याचं तिला आठवतच नव्हतं.

स्नेहलचे सर म्हणतात योगायोग, तिथला एखादा खेळ असेल. असेल. मी बरंच विचारून पाहिलं, तसला खेळ कुणाला माहीत नाही. वहिनीकडेही गेलो. जोडी का विकली, हे तिलाही ठाऊक नाही.

"मी लई खोदून विचारलं," ती म्हणाली. "म्हणायचे, बापूलाच सांगीन."

हे काय होतं, मला आजही कळलेलं नाही. समोरच्याला मी कधी सौदा अर्धवट टाकून उठू दिलं नाही. आणि इथे दोनदा हात पुढे आला, दोन्ही वेळा आमच्याच घराने काढून घेतला. तिसऱ्यांदा कोण विचारणार?

तरी गल्ल्यावर बसताना मांडीवर रुमाल टाकून बसतो, हात खाली. गिऱ्हाइकं हसतात. हसू द्या.