ओळ नसलेली भिंत

“ही भिंत शुद्धीत बांधलीय ना रे?”

शेजारचे पास्कू अंकल बावखलाच्या पलीकडच्या काठावरून माझ्या पप्पांना विचारत होते. गावच्या बँडमध्ये आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. पप्पा कसंनुसं हसले. भिंत बांधणारे जानूबाबा दोघांच्या मधे, गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनी हातातला दगड पाण्याच्या घमेल्यात बुडवला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत धरून ठेवला आणि मग जागेवर बसवला. मी ओट्यावर त्यांचा चहा घेऊन उभी होते. सगळं ऐकूनही मी फक्त एवढंच केलं, की कप त्यांच्या हाती लागेल अशा जागी ठेवला आणि आत गेले.

जानूबाबा वारले, त्याला आता वर्ष होत आलं. आमच्याकडे ते जेमतेम महिनाभर होते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमची केळी, अळू, मोगरा सगळं त्याच्यावर. दोन पावसाळ्यांत त्याचा खालच्या अंगाचा बांध ढासळला आणि जानेवारीतच तळ दिसू लागला. आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी भारती मम्मीला म्हणाली, “माझे सासरे धरणावर मिस्त्री होते. तळ्याचं काय घेऊन बसलात!” दुसऱ्याच दिवशी चांदीप गावाहून पहिल्या बसने जानूबाबा आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन हातोड्या, एक थापी आणि एक तारेचा ब्रश. ओळंबा नव्हता. पप्पांनी ते तेव्हाच टिपलं असावं.

आल्या आल्या त्यांनी भिंत बांधायला घेतलीच नाही. तीन दिवस नुसतं खणत राहिले. खाली मुरूम लागला तरी थांबेनात. खडक लागला तेव्हा त्यावर बसून तो ब्रशने घासला, धुतला आणि शेवटी गोणपाटाने टिपून कोरडा केला. मम्मी खिडकीतून बघत म्हणाली, “आपल्या किचनची लादी कोणी एवढी पुसत नाही.”

“धरनावर दोनशे बाया खडक पुसायला होत्या, बाय,” त्यांनी मला सांगितलं. मला ते ‘बाय’च म्हणत. “अर्धी नदी एका बाजूला लोटली, अर्धी उघडी पाडली. सायेब चप्पल काढून खाली उतरायचा. खडकाला माती ऱ्हायली, तर वरची भिंत खडकाला धरत नाय. मग कितीबी उंच बांधा.”

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी आमची बोली, बाहेर मुंबईचं मराठी, कॉलेजात इंग्रजी; त्यामुळे अनोळखी माणसाशी कुठल्या भाषेत सुरुवात करायची या विचारातच बोलायची वेळ निघून जाते. जानूबाबांना त्याची अडचण नव्हती. एकदा म्हणाले, “तू बोलत नाय ते माज्या कामाचं हाय. दगडाचा आवाज ऐकू येतो.” खरंच ते दगड ऐकायचे. बसवला की हातोडीच्या दांड्याने टकटक करायचे. आवाज पोकळ आला, की चांगला बसलेला दगड पुन्हा उपटायचे, खाली सिमेंटचा माल भरायचे, दगडाच्या चिपा ठोकायचे. दिवसभरात जेवढे दगड लावत, त्यातले चारपाच तरी उपटलेले असत.

आणि प्रत्येक दगड आधी भिजवायचे. “तहानेला दगड लावू नये. तो शेजाऱ्याचं पानी पितो. मालातलं पानी गेलं, की माल नुसती राख.”

दुपारी जेवताना ते धरणाबद्दल सांगत. तरुणपणी कामाला लागले, तेव्हा नदीच्या पात्रात उभं राहून डोंगराकडे वर बघायचे. काम संपलं तेव्हा त्याच जागेवर, पण उंच भिंतीच्या माथ्यावर उभे राहून खाली बघत होते. भिंतीच्या पोटात भुयार असतं, त्यात झिरपलेलं पाणी येतं, आणि ते रोज मोजणारा माणूस असतो. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं असावं. ते हसले. “समदी धरनं रडतात गं. रडू द्यायचं. किती रडलं तेवढं बघायचं.” आमच्या स्वयंपाकघरात नळाला त्या धरणाचं पाणी आलं, की घास हातात तसाच ठेवून ते मान वळवायचे आणि म्हणायचे, “आलं आमचं पानी.”

भिंत कमरेएवढी झाली तेव्हा गावाला ती दिसू लागली, आणि मग लोकांच्या तोंडी आली. दगड कुठे उभा, कुठे आडवा. एक बोटभर वर, शेजारचा वीतभर खाली. एकही थर सरळ नाही. मलाही ती बघवत नव्हती. एका दुपारी सगळं धैर्य गोळा करून मी एकच प्रश्न विचारला, “लाइनमध्ये का नाही?”

ते इतके खूश झाले, की हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसले. “घराची भिंत ओळीत, धरनाची बेओळ. ओळ केली, की या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फट. पानी लई हुशार, बाय. त्याला ओळ गावली, की वाचत वाचत पार जातं. म्हनून मधे मधे उभा दगड. इथं अडव, तिथं अडव. चकवायचं त्याला.” मग आवाज उतरला. “धरन सुटल्यावर मी घरांच्या कामाला गेलो. हाताला ओळ येईचना. चार ठेकेदारांनी काढला. हे तळं मिळालं, म्हनून बरं वाटलं.”

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर सातआठ जण बावखलाशी जमले. पास्कू अंकल सगळ्यांना भिंत दाखवत होते. ते पप्पांना म्हणाले, “आगळे, तुझ्या पोरीचं लग्न मेमध्ये. व्हिडिओवाला ही भिंत घेईल की कापेल?” लग्न माझ्या बहिणीचं होतं, आणि फोटो बावखलाशी काढायचे हे ठरलेलं होतं. लोक हसले. पप्पांचे कान लाल झाले.

सोमवारी त्यांनी जानूबाबांना सांगितलं, “बाबा, उद्यापासून नका येऊ. पुढच्या आठवड्यात विरारहून माणसं येतायत, ती ही पाडून ब्लॉकची बांधतील.” पप्पा वाईट माणूस नाहीत; हे सांगताना ते जमिनीकडे बघत होते. मी दोन पावलांवर होते. भिंत बेओळ का, ते मला माहीत होतं. त्या घरात फक्त मलाच माहीत होतं. आणि जानूबाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा. माझ्या डोक्यात तीन भाषांत वाक्य तयार होत होतं आणि तिन्हींत अडकत होतं.

त्यांनी हातोड्या धुतल्या, थापी पुसली. निघताना मला म्हणाले, “वरचे दोन थर नवे हायत. आठ दिस पानी मार.”

“पण ही भिंत तर पाडणार आहेत,” मी पुटपुटले.

“पाडू दे की. पाडायच्या भिंतीलाबी तहानेनं मारू नये.”

मी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पप्पांनी बघून न बघितल्यासारखं केलं. नवव्या दिवशी सकाळी मी पाइप गुंडाळत होते, तेव्हा विरारची तीन माणसं घण घेऊन आली. भिंत बघून त्यांच्यातला मुकादम हसला, “हे कुठलं डिझाइन?” पास्कू अंकल पलीकडे खुर्ची टाकून बसलेच होते. पप्पा मला म्हणाले, “बाजूला हो, चिपा उडतील.”

मी पाइप खाली ठेवला, पण भिंतीपासून हलले नाही. शब्द आले ते मराठीत आले, आणि पास्कू अंकलनाही ऐकू जातील इतके मोठ्याने आले.

“पप्पा, ही अशी का बांधतात ते जानूबाबांनी मला सांगितलं होतं. तुम्ही त्यांना काढलंत तेव्हा मी गप्प बसले, ती चूक माझी. यांना परत पाठवा आणि भारतीला फोन लावा. त्यांची माफी मी मागेन, उरलेली भिंत तेच बांधतील.”