साहेब येणार, तू येऊ नकोस

“उद्या तू येऊ नकोस.”

बाई म्हणाल्या. सगळ्या वर्गासमोर. मी तिसरीत होते. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते, मुलांचं वाचन बघायला. मला वाचता येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण हळू. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर जोडत. बाईंना तेवढा धीर नव्हता.

पुढच्या बाकांवर बागायती वाडीवाल्यांची मुलं बसायची. आम्ही खाडीकडचे. बाप मिठागरात, आई दुसऱ्याच्या शेतात. पुढची एक मान वळली, मग दुसरी, मग सगळ्याच. कोणीतरी फिसकन हसलं. बाईही हसल्या. ते हसू आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी सांगितलं, उद्या शाळा नाही. आईला वाटलं सुट्टी. म्हणाली, “बरा झाला. मंग पानी भराला चल.” सकाळी नळावर हंडा लावून उभी होते, तर समोरून माझ्याच वर्गातली मुलं चाललेली. इस्त्रीचे कपडे, डोक्याला चपचपीत तेल. मी हंड्याआड तोंड लपवलं. मी! काय चोरी केली होती मी?

नंतर शाळेत गेले तर बाई सांगत होत्या, साहेब खूश झाले, आपल्या वर्गात सगळ्यांना वाचता येतं. खोटं कुठे होतं? ज्यांना येत नव्हतं त्यांना घरी ठेवलं होतं.

चौथीला नवे गुरुजी आले. त्यांनी माझं बोट बघितलं तशी मी घाईघाईने हात मागे घेतला. ते म्हणाले, “ठेव बोट. तुझंच आहे ना? कोणाच्या बापाचं नाही.” रोज हजेरीआधी गोष्ट वाचायचे. मधेच पुस्तक कोणाच्याही हातात द्यायचे. वाचणारा अडला की सगळ्या वर्गाने थांबायचं. हसायचं नाही, पटकन सांगायचं नाही. थांबायचं. मी वाचायला शिकले ती तिथे. मग सुटलेच. भज्यांचा तेलकट कागदसुद्धा वाचून झाल्याशिवाय टाकला नाही.

आज मी विरारला, फुलपाड्यात, एका शाळेत दुसरीला शिकवते. करारावर. हजेरीआधी गोष्ट वाचते. अडलं की माझा वर्गही थांबतो. सुरुवातीला पोरं नुसती चुळबुळायची, आता सवय झालीय. गोष्टीच्या लोभाने पोरं घंटेआधी येऊन बसतात.

त्यातली एक खुशी. घरी हिंदी बोलतात, आई घरबसल्या इमिटेशनचे दागिने जोडते. पहिले कित्येक दिवस पोरगी तोंडच उघडेना. पुस्तक जवळ नेलं की, “टीचर, मेरेको मत दो ना.” मी दिलं नाही. बाजूला बसवून घेतलं, नुसतं ऐकवलं. मग एके दिवशी स्वतःच हात पुढे केला. अर्धी ओळ वाचली आणि घामाघूम झाली. मला नाचावंसं वाटलं!

आणि नेमकं तेव्हाच संस्थेचे साहेब वाचन बघायला येणार असं ठरलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. दोन शिक्षिका तिथेच चहा घेत होत्या.

“त्या खुशीला उद्या पाठवू नका म्हणावं. आणखी जी अडखळतात त्यांनाही. तोंडी सांगा, वहीत लिहून देऊ नका.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “का?”

“का काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेचं नाव आहे.”

“ती वाचते, बाई. हळू वाचते.”

मोठ्या बाई हसल्या. “तुम्हाला चालतं हो हळू. तुम्ही स्वतःच अजून ओळीवर बोट ठेवून वाचता. मी पाहिलंय. मिठागरातून इथवर आलात, चांगलं आहे. पण सगळी शाळा काय तिकडे न्यायचीय?”

चहा पिणाऱ्या दोघी खाली बघून हसल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला. करार डोळ्यांसमोर आला. घरभाडं आलं. तरी तोंडातून निघून गेलं, “मी नाही सांगणार. कोणालाच नाही.”

“मग परिणाम तुमचे.”

“माझेच.”

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरगी साहेबांपुढे मुकी झाली तर? पुन्हा पुस्तकाला हातच लावला नाही तर? माझ्या हट्टापायी तिचा बळी तर जात नाही ना?

सकाळी खुशी आली. तेल लावून, दोन वेण्या घालून. साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. पोरीने बोट ठेवलं. चार शब्द वाचले आणि अडली.

वर्ग थांबला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाई खाकरल्या, पुढे वाकल्या आणि हळूच शब्द सांगायला लागल्या. तेवढ्यात पहिल्या बाकावरची अनन्या म्हणाली, “मोठ्या बाई, सांगायचं नाही. थांबायचं.”

कोणी हसलं नाही. मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद. साहेब “छान, छान” म्हणत उठले, दाराकडे निघाले. खुशीची ओळ संपली तेव्हा ते जिन्यात होते. तिने शेवटपर्यंत वाचली. ऐकायला आम्ही होतो.

शेरा आला, वाचनाचा वेग समाधानकारक नाही. शाबासकी शेजारच्या वर्गाला मिळाली. त्या वर्गात त्या दिवशी बरेच बाक रिकामे होते. कोणी विचारलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, “करार उन्हाळ्यात संपतो. ध्यानात असू द्या.”

आहे ना. चांगलं ध्यानात आहे. म्हणून तर गप्प बसले नाही. पालकसभेत उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, मराठीत सांगितलं, मोडक्या हिंदीतही सांगितलं. शाळेतून कोणी म्हणालं, उद्या मुलाला पाठवू नका, तर त्या दिवशी नक्की पाठवा. आजारी नसेल तर पाठवाच. आणि स्वतः सोबत या. खुशीच्या आईने विचारलं, “अंदर बैठने देंगे?” मी म्हटलं, “मैं बिठाऊंगी.”

आता म्हणतात, मी पालकांना भडकवते. हो, भडकवते. काढायचं तर काढा. पण उन्हाळ्याला अजून अवकाश आहे, आणि वेग वाढला का ते बघायला साहेब सोमवारी पुन्हा येणार आहेत.

सोमवारी माझ्या वर्गात आयाही बसणार आहेत.