वॉर्डातलं गाऱ्हाणं

गेल्या गुरुवारी आमच्या काकाने रत्नागिरीच्या हॉस्पिटलात, भर वॉर्डात असा काही घोळ घातला की विचारू नका... अजून आठवलं की एकटीच हसत बसते.

बाबांची बायपास झालेली. ऑपरेशन उत्तम झालं, आयसीयूतून वॉर्डात आले, आम्ही सगळे खूश. पण बाबा? बाबा आपले छताकडे बघत गप्प.

डॉक्टरांचं रोज एकच पालुपद... मोठा श्वास घ्या, उशी छातीशी धरून जोरात खोका, नाहीतर कफ साठेल आणि न्यूमोनिया होऊन बसेल. श्वासाच्या व्यायामाचं ते प्लास्टिकचं यंत्रही दिलं होतं. बाबा त्याला हात लावतील तर शपथ!

टाके उसवतील ही एक भीती होतीच. पण एकदा माझा हात धरून हळूच म्हणाले, "बस झाला आता, बाय. किती वढायचा?"  मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडून आले.

आणि हे कोण म्हणतंय, तर आमच्या गावचं गाऱ्हाणं घालणारा माणूस! कोकणाबाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते... गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं. मागणारा एक, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं.

संगमेश्वरजवळच्या आमच्या गावात शिमग्याची पालखी असो नाहीतर कुणाची नवीकोरी रिक्षा, नारळ ठेवला की हाक बाबांनाच. आवाज असा खणखणीत की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागतात.

तर गुरुवारी दुपारी काका गावाहून आला, पिशवीत देवळातला नारळ घेऊन. सिस्टरनी आधीच दम दिला... अगरबत्ती नाही, फोडाफोडी नाही, लवकर आटपा. काकाने नारळ बेडजवळच्या लॉकरवर ठेवला, डोक्याला रुमाल बांधला आणि हात जोडून उभा राहिला.

आता या आमच्या काकाने आयुष्यात एकदाच गाऱ्हाणं घातलंय. गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनाला, तेही बाबा मुंबईला गेले होते म्हणून. वॉर्डातल्या सगळ्या नजरा आपल्यावर बघून बिचाऱ्याची पार गाळण उडाली.

ना ग्रामदेवतेचं नाव घेतलं, ना गावच्या सीमेवरच्या राखणदार देवाला हाक मारली. एकदम सुरूच झाला... "आलेल्या सगळ्या संघांना यश दे म्हाराजा, मैदानात कुनाला दुखापत होव नये..."

मी आणि आई "व्हय म्हाराजा" म्हणायचं सोडून एकमेकींकडे बघतच राहिलो. पलीकडच्या बेडवर केळशीचे एक चाचा होते, मच्छीमार, दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन. त्यांना तर हसू आवरेना.

आणि बाबा उठले हो! उशी छातीशी कवटाळून, आईचा हात धरून, कण्हत-कुथत का होईना, उठून बसले.

"गप ऱ्हव! आदी राखणदाराला हाक मारायची... देवाला काय अंपायर केलायस?" ऑपरेशननंतर एवढं मोठं पहिल्यांदाच बोलले. मधली शिवी मी गाळली आहे.

मग स्वतःच सुरू झाले. आधी आवाज कसला, नुसती कुजबुज. दम लागला, थांबले, खोकले... उशी दाबून चांगले खोकले. पुन्हा मोठा श्वास घेतला, कारण गाऱ्हाणं एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडायचं नसतं.

ग्रामदेवता झाली, राखणदार झाला, आवाज चढत गेला. मग म्हणाले, "हे जे काय आमचे चाचा उद्या आपरेशनला जातायत, त्यांना सुखरूप त्यांच्या होडीवर नेऊन पोचव रे म्हाराजा!" चाचांचं "आमीन" आणि वॉर्डाचं "व्हय म्हाराजा" एकदमच निघालं.

आवाज ऐकून सिस्टर ओरडायलाच आल्या होत्या. तेवढ्यात बाबांनी "ह्या सिस्टरबायना हवी तवा सुट्टी मिळू दे" म्हटलं, आणि काय सांगू, सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा" त्यांचाच! मागे फिजिओथेरपीच्या मॅडम उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या, मला हेच हवं होतं."

बाबांनी सगळ्यांसाठी मागितलं. स्वतःसाठी मात्र चकार शब्द नाही... गाऱ्हाणं घालणाऱ्यानं आपल्यापुरतं मागायचं नाही, हा त्यांचा नियमच. शेवटचं "काय चुकलंमाकलं आसल तर पदरात घे" म्हणून हात जोडून मोकळे झाले.

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण मला राहवलं नाही. ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हटलं, "म्हाराजा, हा जो काय माझा बापूस स्वतासाठी कदी काय मागत नाय, त्याला बरा कर. त्याला जगायची हौस दे रे!" शेवटी शेवटी तर आवाज पार फाटलाच माझा.

 सगळे बाबांकडे बघत होते आणि बाबा माझ्याकडे. डोळे भरून आलेले त्यांचे.

मग उशी पुन्हा छातीशी घट्ट धरली, श्वास ओढून घेतला आणि सगळ्यांच्या आधी बाबाच म्हणाले... "व्हय म्हाराजा!"

चाचांचं ऑपरेशनही छान झालं. आम्हाला उद्या डिस्चार्ज आहे. देवानं ऐकलं की नाही ते तो जाणे... मी ऐकलं, मला तेवढं पुष्कळ झालं.