बारा संगणक, एकच ओळख

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बल्लारपूरहून दुचाकीवर भामरागडच्या आमच्या आश्रमशाळेत आलेले ते नेटवर्क दुरुस्त करणारे गृहस्थ मात्र आठवत राहतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या बारा मुलींची ऑनलाइन शिष्यवृत्ती परीक्षा होती, आणि बारा संगणकांपैकी एकावरच नेट चालत होतं. दुसरा सुरू केला की पहिला बंद. चूक माझी होती. वेळ वाचावा म्हणून एका संगणकाची डिस्क मी बाकी अकरांवर जशीच्या तशी उतरवली होती.

चपला दाराबाहेर काढून ते आत आले आणि दोन पडदे पाहूनच हसले. "सर, संगणकायले नेटचा पत्ता देणारी मशीन आधी त्यायची ओळख विचारते. तुमचे बाराही एकच ओळख सांगून राह्यले. मंग सगळ्यायले एकच पत्ता भेटते."

एकेकाची जुनी ओळख पुसून ते नवी करत, आणि वेगळा पत्ता मिळाला की तो खडूने त्या संगणकाच्या डब्यावर लिहीत. नववा झाला तेव्हा आमचा शिपाई धावत आला. "भाऊ, पुलावर पाणी चढून राह्यलं. आता नाई निघाले तर अडकसान!"

त्यांनी मान वर केली नाही. "तीन पोरी बाकी हायेत ना."

पूल बुडाला. सकाळी परीक्षेला बसलेल्या बाराव्या मुलीचा पडदा उजळेपर्यंत ते खिडकीबाहेर उभे होते, मगच चहाला गेले.

घरातला पहिला पदवीधर मी; माझ्यासाठीही कुणीतरी असंच थांबलं असेल. डब्यांवरचे खडूचे आकडे मी अजून कुणाला पुसू दिलेले नाहीत.