तात्याचं चूलबंद आवतण

स्वरूपा लग्न होऊन सुप्याला आली, त्या आठवड्यातलीच गोष्ट. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. ती आत लसूण सोलत बसलेली, आणि बाहेर ओट्यावर दोन म्हातारे भांडत होते. एक तिचे सासरे आप्पासाहेब, दुसरा त्यांचा चुलतभाऊ दादासो. दादासोला सगळं गाव तात्याच म्हणायचं.

"अक्का लग्नाला आली न्हाय ती तुझ्यामुळं," तात्या म्हणत होता. अक्का म्हणजे आप्पासाहेबांची थोरली बहीण राजलक्ष्मी, लासुर्ण्याला दिलेली.

"माझ्यामुळं? आरं, पत्रिकेचा फोटू पाठवला की व्हॉट्सॲपवर. तिनं बघितला बी. ह्या बघ निळ्या खुणा."

"बघितला म्हंजी येते म्हणली का?"

"बघितल्यावर आणि काय म्हणायचं ऱ्हातंय?"

"आप्पा, खुणा तुझ्या फोनात आल्या. अक्काच्या तोंडातनं काय आलं ते सांग मला."

"गावाची आवतणं देतोस म्हणून तू काय तहसीलदार लागून गेलास व्हय रं?"

"तहसीलदाराला बी मीच आवतण दिलंय. त्याच्या उंबऱ्यात उभं राहून."

स्वरूपाला आत हसू फुटलं, तिनं पदर तोंडात धरला. नव्या नवरीनं सासऱ्याच्या भांडणाला हसायचं म्हणजे पंचाईतच. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एसटीनं लासुर्ण्याला गेला, सत्यनारायणाचं आवतण देऊन आला, आणि अक्का, म्हणजे स्वरूपाच्या आत्या, घरादारासकट आल्या. प्रसाद हातात पडेपर्यंत भावाशी एक अक्षर बोलल्या नाहीत, ते सोडा. पण आल्या.

तात्याला हे काम कुणी दिलं नव्हतं. लग्न केलं नाही, मागं बायकापोरांची ओढ नाही, चालायची हौस दांडगी. कुणाचं बारसं असो, वास्तुशांत असो, घरमालकानं सांगायचं आणि तात्यानं निघायचं. त्याची रीत ठरलेली होती. उंबऱ्यात उभं राहायचं. बसायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. आवतण कसलं ते आधी सांगायचं. घरटी असेल तर घरातला एकच माणूस, चूलबंद असेल तर त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. मग समोरचा "येतो" म्हणेपर्यंत तिथंच थांबायचं. "बघू" म्हटलेलं तात्याला चालायचं नाही. "बघू काय बघू? सोयरीक हाय का ती?" असं म्हणून तो चौकटीला खांदा लावायचा.

आणि जेवणाच्या दिवशी दुसरी हाक. "चला, पानं मांडली!" कारण आपल्याकडं पहिल्या आवतणाला उठून कुणी जात नाही. हावरट दिसतं. शहाणा माणूस आंघोळ करून, टोपी घालून, हाक यायची वाट बघत घरातच बसून राहतो.

पुढं तात्याचे गुडघे गेले. गाव फिरणं सुटलं. तो आप्पासाहेबांच्याच ओट्यावर बसायला लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहाचं आवतण द्यायला लागला. चहा करून करून स्वरूपाचा हात दुखायचा.

ह्याच सुमारास स्वरूपानं शहरातल्या माणसांना पैसे घेऊन हुरडा खाऊ घालायचा घाट घातला. सुप्याकडची जमीन कोरडवाहू, पण शाळूचा हुरडा असा गोड, की पुण्याची माणसं बोटं चाटतात. तिनं रानात मांडव घातला, आगटीला गोवऱ्या लावल्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ असा सगळा बेत केला. पहिल्या हिवाळ्यात माणसं बरी आली. पण आप्पासाहेबांच्या मनात सोलरवाले भरले होते. ते रान भाड्यानं मागत होते. आप्पासाहेब सुनेला म्हणाले, "एवढा एक हंगाम बघ. मांडव भरला तर तुझं खरं. न्हाय भरला तर पुढच्या साली तितं काचा उगवतील."

म्हणजे सगळं त्या एका हिवाळ्यावर आलं. गेल्या वर्षीची माणसं परत यायला हवीत. स्वरूपानं व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम निरोप पाठवला, तर कंपनीनं तिचा नंबरच बंद करून टाकला. ती रडकुंडीला आली. दीपक, तिचा नवरा, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "मी सुट्टी काढून येतो." आता त्यानं येऊन काय करायचं? हुरडा खायचा?

कामाला आली ती रुक्सार. स्वरूपाची कॉलेजातली मैत्रीण, माहेर सुप्यातलंच, आता बारामतीत केकचं दुकान चालवते. ती म्हणाली, "अगं, बुकिंग करताना लोकांनी ईमेल दिलेत ना? ऑफिसवाले तर मेलच बघतात. मेल पाठवायचं सॉफ्टवेअर घे एखादं. फुकट वापरून बघायला मिळतात, त्यातलं एक निवड."

झालं. स्वरूपा लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली आणि शेजारी तात्या. निवडता निवडता दोन सॉफ्टवेअरं उरली होती. त्यांची नावं इंग्रजी, तात्याच्या जिभेवर बसेनात. एकावर कबुतराचं चित्र होतं, ते कबुतरवालं. दुसऱ्यावर पाकीट, ते पाकिटवालं. पाकिटवालं दिसायला अगदीच साधं, विधवेच्या कपाळासारखं. कबुतरवाल्यात रंग काय, फुलं काय, नाचणारी अक्षरं काय.

"तात्या, ह्यात बघा, मेल कुणी उघडला ते कळतं."

"म्हंजी निळ्या खुणाच की. त्याचं मला कौतुक न्हाय. हे यंत्र उंबऱ्यात किती येळ थांबतं ते इचार."

"थांबतं म्हणजे?"

"समोरच्यानं व्हय-न्हाय सांगितलं न्हाय तर काय करतं?"

स्वरूपानं शोधलं. कबुतरवाल्यात सोय होती. ज्यानं उत्तराचं बटण दाबलं नाही त्याला दोन दिवसांनी आपोआप दुसरा मेल, आणि हुरड्याच्या दिवशी सकाळी तिसरा. तात्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "हे बघ! दुसरी हाक मारतंय! हे आपल्यातलंच हाय, सुनबाई. हेच घे."

रुक्सार फोनवर ओरडली, "तीन मेल नको गं बाई! पुण्याची माणसं चिडतात."

तात्यानं फोन मागून घेतला. "रुक्सार पोरी, तुझ्या निकाहाला मी कितीदा हाक मारायला गेलतो?"

"तुम्ही तर पाचदा गेला होता, तात्या."

"मग पंगत भरली का न्हाय?"

"भरली. पण अब्बा अजून सांगतात, पाहुण्यांना झोपू दिलं नाही म्हणून."

स्वरूपाला खरं तर रुक्सारचं पटत होतं. पण मांडव रिकामा दिसायला लागला की माणसाला जास्तीची हाक बरी वाटते. तिनं कबुतरवालं घेतलं. मेल झकास लिहिला. तिसरी हाक तात्यानं स्वतः सांगितली, रविवारी पहाटे जायची: "चला, आगटी पेटली. तुमचीच वाट बघतोय."

रविवारी पुण्यात दिवस उजाडायच्या आधी सगळ्यांचे फोन टुणटुण वाजले. आणि माणसं यादीतून निघून जायला लागली. कबुतरवाल्यात त्याचाही आकडा दिसायचा, तो स्वरूपाच्या डोळ्यांदेखत वाढत होता. हुरड्याला आली ती दोन कुटुंबं. आगटीभोवती माणसांपेक्षा गोवऱ्या जास्त.

दुपारी एक फोन आला. कोथरूडचे एक गृहस्थ. गेल्या वर्षी म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. आवाज शांत होता, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं असा. म्हणाले, "ताई, पहिल्याच मेलला मी उत्तर दिलं होतं. आई गेली, यंदा जमणार नाही, असं लिहिलं होतं. तरी तुम्ही आणखी दोनदा बोलावलंत. चला, आगटी पेटली, असं लिहून."

स्वरूपानं लॅपटॉप उघडून सगळं तपासलं. मग तिला उमगलं. ते मेल ज्या पत्त्यावरून जात होते, त्याला दिलेलं उत्तर कुणाकडंच पोचत नव्हतं. बटण दाबलं तरच यंत्राला कळायचं. माणसानं लिहिलेलं सगळं विहिरीत. आणि फुकटातल्या सोयीत ते बदलता येत नव्हतं.

तिनं तात्याला सांगितलं. तात्याचा चेहरा पडला. साऱ्या जन्मात त्यानं दुःखाच्या घरी जेवणाची हाक मारली नव्हती. सुतक असलं की तो त्या गल्लीनं जातानासुद्धा टोपी काढायचा. त्यानं हात पुढं केला. "लाव फोन."

"तात्या, राहू द्या. मीच बोलते पुन्हा."

"आवतण माझं हुतं. लाव."

फोन लागला. तात्या उभा राहिला, गुडघे धरून, चौकटीला टेकून. जणू कोथरूडचा उंबराच तो. "सायेब, मी दादासो. तुमच्या मातुश्रीस्नी कणसं बांधून दिलती, तोच. त्यास्नी दात नव्हतं, म्हणून कवळी कणसं बघून दिलती. चूक माझी हाय. सुनबाईची न्हाय, यंत्राची बी न्हाय."

गृहस्थ म्हणाले, "ती कणसं तिनं देवापुढं ठेवली होती, काका." तात्यानं फोन सुनेच्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी आप्पासाहेब सोलरवाल्याचं नाव काढणार, तेवढ्यात तात्याच म्हणाला, "सुनबाई, ते पाकीट दाव बरं पुन्हा."

पाकिटवाल्यात नाचणारी अक्षरं नव्हती. आपोआप दुसरी हाकही नव्हती. पण मेल स्वरूपाच्याच पत्त्यावरून जायचा आणि उत्तर तिच्याचकडं यायचं. ज्याच्या-त्याच्या नावापुढं खूण करता यायची. कुणाकडं दुःख, कुणाकडं परीक्षा, कोण परगावी. खूण केली की त्या माणसाला मेल जायचा नाही. आणि यादीतून आपलं नाव काढून टाकायची सोय मेलच्या वरच, ठळक.

"ही वर कशाला?" आप्पासाहेबांनी चष्म्यातून बघितलं. "जा म्हणून सांगतीया का लोकास्नी?"

"दार उघडं दिसलं म्हंजी माणूस निवांत बसतंय, आप्पा," तात्या म्हणाला. "दाराला कडी घातली की पळायचंच बघतंय." आप्पासाहेबांनी चष्मा काढून खिशात घातला. त्यांनी एवढ्या लवकर माघार घेतल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

रुक्सारनं बारामतीहून फोनवर एकच अट घातली, "मेल एकच, तात्या. पाच नाही." तात्यानं कबूल केलं, पण तोंड वाकडं करून. मग स्वरूपानं आणि तात्यानं मिळून लिहिलं. आधी माफी मागितली. मग लिहिलं, हुरडा कवळा आहे, चूलबंद आवतण आहे, म्हणजे त्या दिवशी घरी कुणी रांधायचं नाही. येणार नसाल तर तसंही लिहा, राग नाही, पण काहीतरी लिहा, आम्ही उंबऱ्यात उभे आहोत.

उत्तरं यायला लागली. भाराभर नाही, पण माणसांनी लिहिलेली. एकानं विचारलं, कुत्रं आणलं तर चालेल का. तात्या म्हणाला, "चूलबंद म्हणल्यावर कुत्रं बी आलं." एका ऑफिसातल्या बाईंनी लिहिलं, आमच्यात कुणी रांधतच नाही, तरी येतो. एका आजोबांनी पानभर लिहून शेवटी येत नाही म्हणून कळवलं, आणि तात्यानं त्यांनाही पानभर उत्तर लिहायला लावलं. स्वरूपाची बोटं भरून आली. चहापेक्षा हे बरं, असं ती मनात म्हणाली. कोथरूडच्या गृहस्थांना आवतण नव्हतं, नुसती माफी लिहून पाठवली होती; त्यांनी एकच ओळ धाडली: "पुढच्या वर्षी बोलवा." तात्यानं त्यांच्या नावापुढं दुःखाची खूण करायला लावली, आणि झाली का ते दोनदा बघितलं.

मांडव अगदी तुडुंब भरला असं नाही. पण रविवारी आगटीभोवती मांडीला मांडी लागायची. आप्पासाहेबांनी एक दिवस कणसं भाजता भाजताच सांगून टाकलं, "सोलरवाल्याला न्हाय म्हणून कळीव. पुढच्या साली बी शाळूच पेरू."

पुढच्या साली शाळू पेरला. पण तेव्हा तात्या नव्हता. उन्हाळ्यातच, दुपारचा आडवा झाला तो झाला. गावाला त्याच्या तेराव्याचं आवतण कुणी द्यायचं, हाच मोठा प्रश्न पडला. शेवटी कुणीच दिलं नाही, आणि सगळे आले.

त्यानं दिलेलं शेवटचं आवतण त्याआधीच्या, मांडव भरलेल्या हंगामातलं, अखेरच्या रविवारचं. गुडघ्यांना पट्ट्या बांधून तो निघालेला बघून स्वरूपा म्हणाली, "तात्या, आत्यांना मेल केलाय मी. नातवानं वाचून दाखवला. येते म्हणून उत्तरसुद्धा आलंय. तुम्ही कशाला जाताय?"

"येणारच हाय, मग जायला काय हरकत हाय?"

सुप्याहून बारामती, तिथं इंदापूरची गाडी, लासुर्ण्याच्या फाट्यावर उतरून पायी. पुढचं आत्यांनीच नंतर सांगितलं. दारात सावली पडली म्हणून त्यांनी मान वर केली, तर तात्या.

"आरं, कळवलंय की मी सुनेला!"

"ते सुनेला कळवलंस. मी आवतण घिऊन आलोय. रविवारी हुरडा हाय अक्का, चूलबंद."

"आत ये आधी. पाणी घे."

"न्हाय."

"बघू," आत्या मुद्दाम म्हणाल्या. दर वेळी म्हणायच्या तशाच.

"अक्का, परतीची गाडी जाईल माझी."

"जाऊ दे की. हितं काय जागा न्हाय झोपायला?"

तात्यानं चौकटीला खांदा लावला. आत्यांनी निवांत तांदूळ निवडले, सुपात घालून पाखडले, कोंबड्यांना दाणे टाकले. तो तसाच उभा. अखेर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"येते बाबा."

मग तात्यानं चपला काढल्या, आत येऊन बसला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.