कवापासनं गार हुईना?

जगातली कोणतीही वस्तू आपणहून बिघडत नाही, तिला घरातलंच कुणीतरी बिघडवतं, असं मानणारा आणि ते त्या घरातल्यांच्या तोंडावर सांगणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच माडीवर भाड्यानं राहत होतो. आमचे हे घरमालक मूळचे कडेगावचे. पलटणीत लष्करी दवाखान्यांचे फ्रीज दुरुस्त करता करता नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि सांगलीत येऊन लोकांचे फ्रीज बघू लागले. लोक प्रेमानं त्यांना बढती देत. रिक्षावाल्यांनी हवालदार केलं, किराणा दुकानदारानं सुभेदार. दर वेळी हे भर रस्त्यात थांबून सांगत, "नाईक. आन् त्येबी माजी. माजी म्हना, गड्या, लय मोकळं वाटतं." एकदा एका वकिलानं त्यांना कॅप्टन म्हटलं, तर त्याचा फ्रीज तीन आठवडे तसाच पडून राहिला.

गार करणाऱ्या यंत्रांचा हा धन्वंतरी, पण स्वतःच्या घरात पंखासुद्धा नव्हता. एक रांजण होता आणि त्यावर झाकण म्हणून खोक्याची फुटकी फळी. मे महिन्यात ते उकळता चहा प्यायचे. पाने आणि पक्कडी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचे, का, तर "त्येंनाबी थंडी वाजती." आणि कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी समोर मांडी ठोकून घरच्यांची उलटतपासणी घ्यायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "कवापासनं गार हुईना?" आणि दुसरा, "तवा घरात काय झालं?" विश्रामबागेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी बिचकत सांगितलं की फ्रीज बिघडला त्याच आठवड्यात सासूबाई कवठे महांकाळहून राहायला आल्या. नाईकांनी सासूबाईंना बोलावून घेतलं. सुनेनं आत अंडी लपवलीत का, हे पाहायला त्या दर पंधरा मिनिटांनी दार उघडत होत्या, असं निघालं. "फ्रीज धडधाकट हाय," नाईक उठत म्हणाले, "म्हातारीला कवठे महांकाळला पोचवा." पान्यांचं लुगडं सोडलंसुद्धा नाही.

मी तळकोकणातला. आठवीत शाळा सोडून घाट चढलो होतो आणि एका साखर कारखान्याच्या चेअरमनकडे ड्रायव्हर होतो. चेअरमन म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या निवडणुकीत पडलेले. पण ते त्यांना सांगणार कोण? कुण्या संस्थानिकाकडून घेतलेली त्यांची लांबलचक अमेरिकन गाडी जुनी असली तरी आतून गार व्हायची. जिल्ह्यात अशी दुसरी नव्हती. काचा बंद करून चालवायची गाडी माझ्याकडे आहे, असं मी आईला पत्रातून कळवलं होतं आणि तिनं ते सगळ्या वाडीला वाचायला लावलं होतं. त्या उन्हाळ्यात गाडी गार होईना. दोन मिस्त्र्यांनी गॅस भरला, पट्टा बदलला. आत तरी भट्टीच. साहेबांचा संशय माझ्यावर. "तूच आत पसरून दिवसभर चालू ठिवत असशील. शनिवारी साताऱ्याला लग्न हाय, नवा चेअरमनबी येणार. त्याच्याम्होरं मी घामानं भिजून उतरणार न्हाई. गाडी गार झाली न्हाई, तर रविवारी तू कोकणात!"

गुरुवारी मी रडवेला होऊन नाईकांना गाठलं. "रडतोस काय रं, कोकन्या? मालकाला घिऊन ये. गाडी काय बोलत न्हाई." मालकाला? पण गाडी दाखवायला नेतो म्हटल्यावर साहेब स्वतःच मागच्या सीटवर येऊन बसले, माझ्यावर नजर ठेवायला.

नाईक आपल्या दारातच गाडीसमोर मांडी ठोकून बसले. "आण्णा, कवापासनं गार हुईना?"

"झालं वरीस."

"तवा घरात काय झालं?"

साहेबांनी उपरण्यानं मान पुसली. मी माझ्या चपला बघत राहिलो. अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं काय झालं ते. नाईक मात्र गाडीच्या तोंडाकडे बघत होते. तिथं जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पितळी पाटी होती: 'चेअरमन'. कारखान्याच्या गाडीवर होती ती वीतभर. पडल्यावर साहेबांनी स्वतःच्या गाडीला हातभर उंचीची करून घेतली होती. मी रोज सकाळी चिंचेनं घासून ती लखलखीत ठेवायचो.

"ही पाटी कवा बसवली?"

"झालं वरीस," साहेब म्हणाले.

नाईकांनी मला इंजिन सुरू करायला सांगितलं आणि वर्तमानपत्राचा कागद पाटीवर धरला. सोडला, तर सरळ खाली. मग माझ्याकडून पाटीचे चार स्क्रू काढून घेतले, कागद पुन्हा धरला, आणि तो चटकन जाळीला जाऊन चिकटला. "आतली गरमी भायेर टाकायची नळी हितं म्होरं असती, आण्णा. तिला वारा लागतो. तुमी तिच्या नाकावर चेअरमन बसवला. गुदमरली बिचारी. ह्या पोराचा काय गुन्हा न्हाई."

दहा मिनिटांत आत असा गारवा झाला की साहेबांनी उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं. काच खाली करून ते हळूच म्हणाले, "दुसरीकडं कुठं लावता येईल का?"

"लावा की. टपावर लावा. इमानातनं दिसंल."

आता माझी कोकणची गाडी नक्की, असं मला वाटलं. साहेबांनी पाटीकडे एकदा पाहून काच वर केली. मग म्हणाले, "चल रं. ऱ्हाऊ दे ती हितंच."

शनिवारी साताऱ्याला ते कोरड्या सदऱ्यानं उतरले. नवा चेअरमन निथळत होता. परतताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "जेवलास का?"

महिन्याभरानं विश्रामबागेतून येताना त्यांनी नाईकांच्या दारात गाडी थांबवायला सांगितली. तहान लागली म्हणाले. झाकण लपवायला मी पुढं धावलो, पण साहेब माझ्या पाठोपाठच आत आले: रांजणावरची फुटकी फळी गेली होती आणि तिथं 'चेअरमन' लखलखत होता. नाईक निर्विकारपणे चहा पीत बसले होते. साहेबांनी पाटी उचलली, ते तांब्याभर पाणी प्यायले, आणि अक्षरं पाण्याकडे करून त्यांनी ती पुन्हा ठेवली. "झाकण बरं बसलंय, नाईक," ते म्हणाले.

"माजी नाईक," नाईक म्हणाले.

"व्हय. माजी," साहेब म्हणाले, आणि आणखी एक तांब्या प्यायले.

नाईक जाऊन आता खूप वर्षं झाली. मी घरापासून आणखीच लांब आलोय आणि ड्रायव्हरकीनंतर मलाही एक-दोन पदं मिळाली आणि गळून पडली. कुणी जुन्या पदानं हाक मारली की मी भर रस्त्यात थांबतो आणि 'माजी' म्हणतो. मोकळं वाटतं. लय नाही, पण वाटतं.